संशोधक विद्यार्थी, गावाचा पाऊस आणि पाण्याचा वाटा

जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पेरणीची घाई सुरू होण्याच्या सुमारास, एखाद्या कोरडवाहू गावात एस.टी.मधून एक तरुण किंवा तरुणी उतरते. पाठीवर पिशवी, हातात पर्जन्यमापक, लांब मोजपट्टी आणि एक जाड वही. ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर बसलेली मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो असा की, ही कोणती योजना आहे? योजना कोणतीच नाही, अनुदान नाही, हे कळल्यावर निम्मी मंडळी उठून आपापल्या कामाला लागतात. उरलेली विचारतात की, विहिरीतले पाणी मोजून पुढे काय होणार. या दुसऱ्या प्रश्नाचे नीट उत्तर विद्यार्थ्याला बहुधा देता येत नाही, आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यास तर हा पाहुणा म्हणजे हातातल्या कामात आलेली एक अडचण वाटते. हा समज दूर व्हावा व अशा अभ्यासाचा गावाने आपल्या हिताकरिता कसा उपयोग करून घ्यावा हे स्पष्ट व्हावे, या हेतूने प्रस्तुत विषयाचा येथे विचार केला आहे.

हे विद्यार्थी कोण असतात?

राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चारही कृषी विद्यापीठांत पदव्युत्तर व आचार्य पदवीसाठी अभ्यास करणारे विद्यार्थी कृषी हवामान, मृद व जलसंधारण, कृषी अर्थशास्त्र अशा विषयांवर प्रबंध लिहितात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९८५ साली ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारे एक केंद्र स्थापन झाले. ‘सितारा’ या नावाने ते ओळखले जाते. तेथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काही आठवडे खेड्यात राहून पाणी, शेती, इंधन यांची प्रत्यक्ष पाहणी करावी लागते. मुंबईच्याच टाटा समाजविज्ञान संस्थेतून येणारे विद्यार्थी मजुरी, स्थलांतर, पाण्याचे हक्क यांची विचारपूस करतात. राज्य शासनाने २०१८ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने विदर्भ, मराठवाडा व जळगाव भागातील सुमारे पाच हजार गावांसाठी नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प हाती घेतला, तेव्हा गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत मुंबईच्या वरील तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने बसविण्यात आली. विद्यार्थ्याच्या वहीतील आकडे नुसते कपाटात पडून राहतातच असे नाही, याचे हे एक उदाहरण होय.

या सर्वांच्या कामास आज ‘हवामानबदलाचा अभ्यास’ असे म्हटले जाते, आणि त्यातील एका शाखेस ‘हवामान-न्याय’ असे नाव पडले आहे. नाव नवे व काहीसे जड आहे. अर्थ मात्र कोणाही शेतकऱ्यास समजण्यासारखा आहे. कोळसा व खनिज तेल जाळून जगाचे हवामान बिघडविण्यात ज्यांचा हात फारच थोडा, त्यांच्याच वाट्याला त्या बिघाडाचा मोठा तोटा येतो. भारतात दरडोई होणारे कर्बवायूचे उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. त्यातही कोरडवाहू शेतकऱ्याचा किंवा शेतमजुराचा वाटा नगण्यच म्हणावा लागेल. राष्ट्राराष्ट्रांत जबाबदारी सारखी वाटता येणार नाही, हे तत्त्व १९९२ च्या आंतरराष्ट्रीय करारात मान्य झालेले आहे. परंतु राष्ट्राराष्ट्रांत जो भेद आहे तोच लहान प्रमाणावर एकाच शिवारातही असतो. पावसाने दडी मारली म्हणजे ज्याची विहीर नाल्याकाठी आहे त्याचे पीक वाचते, ज्याची जमीन माथ्यावर आहे त्याचे करपते, आणि ज्याला जमीनच नाही त्याची मजुरी बुडते. हा भेद किती, कशामुळे, आणि तो कमी कसा करता येईल, हे मोजून दाखविणे हाच या विद्यार्थ्यांचा उद्योग आहे.

गाव मोजण्याची जुनी परंपरा

खेड्यात येऊन मोजमाप करण्याची कल्पना परकी किंवा आजची नव्हे. पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन व त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर, शेतोशेत पाहणी केली आणि १९१७ साली ती प्रसिद्ध केली. १७७१ साली तेथे सरासरी धारणक्षेत्र सुमारे ४० एकर होते, ते १९१५ च्या सुमारास अवघे ७ एकरांवर आले होते, असे त्या पाहणीत दिसून आले. बहुतेक कुटुंबांस केवळ आपल्या शेतीवर पोट भरणे अशक्य झाले आहे, हा निष्कर्ष त्या काळी अनेकांना पटला नाही. म्हणून जातेगाव बुद्रुक या कमी पावसाच्या गावाची दुसरी पाहणी करण्यात आली व ती १९२१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात डॉ. मॅन यांच्या जोडीला कानिटकर होते. याच कानिटकरांनी पुढे सोलापूरकडील कोरडवाहू शेतीच्या संशोधनात आयुष्य घालविले व १९४४ साली त्या विषयावर ग्रंथ लिहिला. खेड्यातील कर्जाच्या व बांधाच्या नोंदी घेणारा माणूस पुढे कोरडवाहू शेतीचा जाणकार झाला, यात नवल नाही.

पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड शहरात सामावले आहे व तेथे उंच इमारती उभ्या आहेत. शंभर वर्षांपूर्वी त्या गावाच्या शेतीचे स्वरूप काय होते, हे जाणण्यास तीच पाहणी आज उपयोगी पडते.

पाऊस कोठे पडला?

शेतकरी सांगतो की, पाऊस पूर्वीसारखा राहिलेला नाही. हे म्हणणे खोटे नसते, परंतु पुरावा म्हणून ते पुरेही पडत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकारी यांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. मोसमी वाऱ्यांचा जोर मात्र याच काळात मंदावला होता. म्हणजे वर्षाची बेरीज फारशी न बदलताही पावसाचा स्वभाव बदलू शकतो. पंधरा दिवसांचा पाऊस दोन दिवसांत कोसळतो, माती घेऊन नाल्याला जातो आणि नंतर तीन आठवडे आभाळ कोरडे राहते. वर्षअखेरीस बेरीज सारखीच येते; पीक मात्र त्या तीन आठवड्यांत गेलेले असते. सबब विद्यार्थी केवळ एकूण पाऊस लिहीत नाही. पावसाचे दिवस किती, म्हणजे ज्या दिवशी किमान २.५ मि.मी. पाऊस झाला असे दिवस किती, आणि दोन पावसांमधील खंड किती दिवसांचा, हेही तो लिहितो.

येथेच गावाच्या हिताचा प्रश्न उभा राहतो. राज्यात मदतीच्या कामी २४ तासांत ६५ मि.मी. पेक्षा अधिक पाऊस झाल्यास ती अतिवृष्टी मानण्यात येते, व हा पाऊस महसूल मंडळातील केंद्रावर मोजला जातो. २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पाखाली राज्यातील महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. पूर्वी तालुक्याच्या ठिकाणचा एकच आकडा सर्व गावांना लागू होत असे, त्या मानाने ही मोठीच सुधारणा आहे. तथापि एका मंडळात अनेक गावे असतात, आणि वळवाचा किंवा परतीचा पाऊस गावाची शीव पाहून पडत नाही. केंद्रावर ४० मि.मी. नोंदले जाते त्याच रात्री डोंगराकडील गावात ९० मि.मी. पडून बांध फुटलेले असतात. उलटही घडते. केंद्राच्या गावी भरपूर पाऊस, आणि शेजारच्या गावी पेरणी उलटलेली.

विद्यार्थ्याचा पर्जन्यमापक शासकीय केंद्राची जागा घेऊ शकत नाही, व त्यावर ताबडतोब मदत मिळेल अशी आशा कोणी गावकऱ्यांना लावू नये. तसे सांगणे ही फसवणूक ठरेल. परंतु दोन-तीन हंगामांची सलग, तारीखवार व एकाच पद्धतीने घेतलेली नोंद असेल, तर आपल्या गावाचा पाऊस मंडळाच्या केंद्रापेक्षा सातत्याने किती वेगळा पडतो हे गावाला तालुक्याच्या अधिकाऱ्यापुढे मांडता येते. नव्या केंद्राची मागणी करताना, पिकांच्या नुकसानीचा पंचनामा मागताना, अशी वही हातात असलेले गाव आणि नुसते तोंडी गाऱ्हाणे घेऊन गेलेले गाव यांत फरक पडतो.

मात्र नोंद बिनचूक पाहिजे. पर्जन्यमापक उघड्या जागी, सपाट जमिनीवर बसवावा. त्याचे तोंड जमिनीपासून ३० सें.मी. उंचीवर व अगदी समपातळीत असावे. जवळचे झाड किंवा घर जेवढे उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतरावर तो असावा. ग्रामपंचायतीच्या छपराखाली सुरक्षित ठेवलेला पर्जन्यमापक चोरीस जात नाही हे खरे, पण त्यात पाऊसही पडत नाही. मोजणी रोज सकाळी साडेआठ वाजता करावी व मागील २४ तासांचा पाऊस म्हणून तो त्या तारखेस लिहावा. २०० चौ. सें.मी. तोंडाच्या मापकात २० घ. सें.मी. पाणी जमले म्हणजे १ मि.मी. पाऊस झाला असे समजावे. पाऊस झाला नाही त्या दिवशी शून्य लिहावे. कोरी जागा सोडल्यास पाऊस नव्हता की मोजणारा बाजाराला गेला होता, हे पुढे कोणासही सांगता येत नाही.

विहिरींची मोजणी

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी वाळूतल्याप्रमाणे सर्वत्र साठत नाही. वरच्या मुरमात, कुजलेल्या खडकात आणि भेगांत ते साठते. एक घनमीटर खडकातून उपशाला मिळणारे पाणी साधारणपणे शंभरात दोन भाग धरतात. म्हणजे एक हेक्टर क्षेत्राखाली पाण्याची पातळी एक मीटर वाढली, तर हाती येणारे पाणी सुमारे २०० घनमीटर, अर्थात २ लाख लिटर. आकडा मोठा दिसतो, पण ऊस किंवा केळी यांस तो काही दिवसांतच संपतो.

राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेची स्थापना १९७१ सालची असून, तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेतली जाते. परंतु एका निरीक्षण विहिरीवरून अनेक गावांचा अंदाज बांधावा लागतो. विद्यार्थी एकाच गावात वीस-पंचवीस विहिरी मोजतो, आणि त्यामुळेच माथ्यावरची विहीर जानेवारीत तळाला जाते तेव्हा नाल्याकाठच्या विहिरीत तीन पुरुष पाणी असते, ही गोष्ट कागदावर येते.

या कामी गावातील कार्यकर्त्याची मदत फार मोलाची ठरते. विद्यार्थ्याला रस्त्यालगतच्या व ओळखीच्या बागायतदारांच्या विहिरी दाखविणे सोपे असते, आणि तसेच घडते. मग गावात पाणी मुबलक आहे असा निष्कर्ष निघतो. डोंगराकडील, मधल्या उताराच्या आणि नाल्याकाठच्या, अशा तिन्ही ठिकाणच्या विहिरी निवडाव्यात. लहान शेतकऱ्यांच्या, वस्तीवरच्या, आटून पडलेल्या विहिरीही घ्याव्यात. आटलेली विहीर ही सुद्धा नोंदच आहे. प्रत्येक विहिरीच्या काठावर रंगाने खूण करून दर वेळी तेथूनच दोरी सोडावी. पंप चालू असताना किंवा नुकताच बंद झाला असताना मोजू नये. रात्रभर पाणी स्थिर झाल्यावर पहाटे मोजावे. कृषिपंपांना वीज कित्येकदा रात्रीची असते. तेव्हा कोणत्या विहिरीवर पंप कधी चालतो याची आधी चौकशी करावी, नाहीतर सगळा खटाटोप वाया जातो.

ताळेबंद

आता या आकड्यांचे काय करावयाचे ते पाहू. समजण्यासाठी एक कल्पित गाव घेऊ. क्षेत्र १,००० हेक्टर, लोकसंख्या २,०००, मोठी जनावरे १,०००. पावसाळ्यात पाऊस झाला ५०० मि.मी. एक हेक्टरवर १ मि.मी. पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. त्या हिशेबाने गावाच्या शिवारात ५० लाख घनमीटर पाणी पडले. यातील फार मोठा भाग खरिपाची पिके व गवत पितात, काही वाफ होऊन जाते, काही ओढ्यावाटे वाहून जाते. खडकात मुरले किती हे विहिरी सांगतात. मे अखेर व सप्टेंबर अखेर अशा दोन मोजण्यांमध्ये विहिरींची पातळी सरासरी ४ मीटर वाढली असे धरू. शंभरात दोन भाग या मापाने गावाच्या भूजलात ८ लाख घनमीटरची भर पडली.

या ठेवीतून प्रथम माणसांचे पाणी बाजूला काढावे. दरडोई रोज ५५ लिटर धरल्यास ऑक्टोबर ते मे या सुमारे २४० दिवसांस २६,४०० घनमीटर लागतात. जनावरांस प्रत्येकी रोज ५० लिटर धरल्यास १२,००० घनमीटर. दोन्ही मिळून ३८,४०० घनमीटर, म्हणजे साऱ्या ठेवीच्या वीस भागांतील एक भागही नाही. तरीही एप्रिल महिन्यात याच गावाला पिण्याच्या पाण्याचा टँकर येतो. हे कसे, याचा उलगडा ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूस होतो.

उरले सुमारे ७ लाख ६० हजार घनमीटर. उसाला या आठ महिन्यांत मोकळ्या पाटाने १,५०० मि.मी. पाणी दिले, तर हेक्टरी १५,००० घनमीटर लागतात. म्हणजे ५० हेक्टर उसाने गावाची जवळजवळ सर्व शिल्लक संपते. उलट ज्वारी, हरभरा यांना ऐन दाणे भरण्याच्या वेळी ७५ मि.मी. चे एकच संरक्षक पाणी द्यावयाचे ठरले, तर त्याच पाण्यात १,००० हेक्टरांची, म्हणजे सबंध शिवाराची तहान भागते. प्रत्यक्षात मुरलेल्या पाण्यातील काही भाग हिवाळ्यात नाल्यातून वाहून जातो आणि सगळे पाणी उपसताही येत नाही. त्यामुळे दोन्ही आकडे काहीसे खाली येतील. त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण मात्र बदलत नाही. ठिबक केल्यास उसाचे पाणी वाचते यात शंका नाही, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला तर ताळेबंदात बचत दिसत नाही. ही गोष्ट अनेक गावांत घडली आहे व तिच्याविषयी पुरेसे बोलले जात नाही.

पिण्याच्या पाण्याची विहीर बहुधा उथळ असते. तिच्या भोवती खोल कूपनलिका घेतल्या गेल्या म्हणजे ती सर्वांत आधी कोरडी पडते. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर घेण्यास मनाई आहे. कायदा गावोगाव माहीत आहे, पण अंतर मोजण्याचे काम कोणी अंगावर घेत नाही. विद्यार्थ्याच्या नकाशात ते अंतर आपोआप दिसते.

गैरसोयीचा आकडा

आणि येथे अडचणीला सुरुवात होते. ताळेबंद मांडला गेला की, पाणी कमी पडते याचे कारण केवळ पाऊस नसून उपसाही आहे, हे दिसू लागते. आणि उपसा करणाऱ्यांत गावचे वजनदार लोक असतात. कित्येकदा त्यांच्याच घरी विद्यार्थ्याची जेवणाची सोय झालेली असते. कार्यकर्त्यास सुचविले जाते की, हा आकडा सभेत वाचण्याची गरज नाही. विद्यार्थी चार महिन्यांनी निघून जाणार. कार्यकर्त्यास मात्र त्याच गावात काम करावयाचे असते. ही अडचण खरी आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करून उपदेश करण्यात अर्थ नाही.

यातून दोन गोष्टींनी वाट निघते. पहिली गोष्ट, नावाने आकडे मांडू नयेत. कोणाच्या विहिरीतून किती उपसा झाला हे न सांगता नाल्याच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागात किती पाणी साठले व किती उपसले गेले एवढेच फलकावर लिहावे. गावाला जे समजावयाचे ते समजते, आणि कोणाचा अपमान होत नाही. दुसरी गोष्ट, वेळ साधावी. जानेवारीत ऊस उभा असताना ताळेबंद वाचला तर भांडण होते. सप्टेंबरअखेरची मोजणी करून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, पूर्वहंगामी लागणीचे बेणे बहुतेकांनी अजून बांधले नसताना तो वाचला, तर त्यावर विचार होऊ शकतो.

गावे असा विचार करू शकतात याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे या अभियंत्याने पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न वाटता माणसांच्या प्रमाणात वाटावे, दर माणशी अर्धा एकर व कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढेच पाणी द्यावे, भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क असावा, आणि ऊस घेऊ नये, असे त्याचे नियम होते. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नसे. हे नियम सर्वत्र टिकले नाहीत. कालव्याचे पाणी आले तेथे उसाचा मोह आवरणे कठीण गेले. तरीही पाण्याचा न्याय म्हणजे काय, हे शिकण्यासाठी संशोधक विद्यार्थी आजही या प्रयोगाकडे वळतात. ‘हवामान-न्याय’ हा शब्द रूढ होण्याच्या पुष्कळ आधी पुरंदरच्या माळावर त्याचा एक हिशेब मांडून झाला होता.

ज्यांची मोजणी होत नाही

विद्यार्थ्याची प्रश्नावली बहुधा कुटुंबप्रमुखास विचारली जाते. परिणामी पाण्यासाठी कोण किती चालते हा रकाना अर्धवट भरतो, कारण चालणारी व्यक्ती त्या वेळी पाण्यावर गेलेली असते. उन्हाळ्यात हंड्याच्या किती खेपा होतात, टँकर येण्याची वाट पाहण्यात मजुरीचे किती दिवस बुडतात, मुलीची शाळा किती दिवस चुकते, हे घरातील स्त्रीलाच विचारावे लागते. आणि तेही पुरुष मंडळी भोवती नसताना. शेतमजूर स्त्रियांना दुपारी सभेस बोलावू नये. त्यांचा रोज बुडतो. खुरपणीच्या ठिकाणी बांधावर, न्याहारीच्या वेळी जाऊन बोलावे. विद्यार्थी मुलगी असेल तर तिची राहण्याची सोय अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती किंवा बचत गटातील एखाद्या बाईच्या घरी करून द्यावी. तिला जी माहिती सहज मिळते ती दहा प्रश्नावल्यांतूनही मिळत नाही.

हंगामात ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे तर पाहणीच्या वेळी गावातच नसतात. त्यांच्या दाराला कुलूप पाहून वहीत ‘घर बंद’ असे लिहिले जाते. जी कुटुंबे पाण्याअभावी गाव सोडून गेली, नेमकी तीच पाण्याच्या पाहणीतून गळतात. कार्यकर्त्याने विद्यार्थ्याच्या नजरेस हे आणून द्यावे व दिवाळीपूर्वी, किंवा ती माणसे परतल्यावर, एक फेरी करण्यास सांगावे.

गावाने काय द्यावे, काय मागावे

पाहणीस आलेल्या विद्यार्थ्याजवळ त्याच्या संस्थेचे पत्र असते. ते ग्रामपंचायतीने पाहून एक प्रत ठेवून घ्यावी. प्रश्नांची उत्तरे द्यावयाची की नाही हा प्रत्येकाच्या मर्जीचा प्रश्न आहे आणि नाही म्हटल्याने कोणतीही योजना बंद होत नाही, हे गावकऱ्यांना आधीच सांगावे. कोणत्याही प्रबंधासाठी आधार क्रमांक, बँकेचे खातेपुस्तक किंवा कोऱ्या कागदावर अंगठा लागत नाही. असे काही मागितले गेल्यास तो विद्यार्थी नव्हे असे समजून तलाठ्यास किंवा पोलीस पाटलास कळवावे.

प्रबंध बहुधा इंग्रजीत लिहिला जातो, विद्यापीठाच्या ग्रंथालयात जातो, आणि ज्या गावाच्या विहिरींवर तो उभा राहिला त्या गावात त्याचे पानही येत नाही. याबद्दलची गावकऱ्यांची नाराजी रास्त आहे. तीन वेळा तीन विद्यार्थ्यांनी तेच प्रश्न विचारले आणि एकानेही उत्तर आणून दिले नाही, असे म्हणणारा शेतकरी चौथ्याला दारातून परत पाठवितो, तेव्हा त्याला दोष देता येत नाही. यास्तव सुरुवातीलाच ठरवून घ्यावे की, निघण्यापूर्वी विद्यार्थी सर्व मोजमापांची मराठीतील प्रत ग्रामपंचायतीस देईल, दोन पानांचा साध्या भाषेतील गोषवारा लिहील, आणि तो ग्रामसभेत स्वतः वाचून दाखवील. ज्या कुटुंबांची माहिती घेतली त्यांची नावे त्यात नसावीत. बहुतेक विद्यार्थी हे आनंदाने मान्य करतात. त्यांना ते कोणी मागितलेलेच नसते.

एका हंगामाच्या नोंदीवरून हवामानबदलाविषयी काहीच सिद्ध होत नाही. दहा वर्षांच्या नोंदीवरून काही बोलता येते, तीस वर्षांच्या नोंदीवरून खात्रीने बोलता येते. म्हणून विद्यार्थी गेल्यावर वही बंद पडू नये. गावातील माध्यमिक शाळेतील आठवी-नववीच्या मुलामुलींकडे पर्जन्यमापकाचे काम सोपवावे व शाळेला सुट्टी असेल तेव्हा ते कोणी करावयाचे हे आधी ठरवावे. मे-जूनमध्ये नेमकी शाळा बंद असते आणि वळवाचा पाऊस तेव्हाच पडतो. विहिरींची मोजणी वर्षातून दोनदा केली तरी चालेल.

वही कडक पुठ्ठ्याची घ्यावी व शाईऐवजी पेन्सिलीने लिहावे, म्हणजे भिजली तरी अक्षरे फुटत नाहीत. पावसाच्या पानावर तारीख, मि.मी., मोजणाऱ्याचे नाव व शेरा असे चार रकाने पुरेत. विहिरीच्या पानावर विहिरीचा क्रमांक, काठाच्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर, विहिरीचा व्यास, त्या भोवती उभी असलेली पिके आणि शेवटचा पंप केव्हा चालला ते लिहावे. सहा मीटर व्यासाच्या गोल विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर, हे कोष्टक पहिल्या पानावर चिकटवून ठेवावे. वही ग्रामपंचायतीच्या कपाटात, दुसरी प्रत शाळेत ठेवावी. या वर्षी मे अखेरची मोजणी राहून गेली असल्यास सप्टेंबर अखेरीपासून सुरुवात करावी; काठावरची खूण मात्र विहीर उन्हाळ्यात खोल असतानाच, रंग वाळेल अशा कोरड्या दिवशी करून ठेवावी.